सीपीएल झालं, आता पहिली नोकरी कुठली धरायची?

सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, हातात आलं त्या आठवड्यात आमच्याकडे पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून भेटेल तो नातेवाईक विचारायला लागला, "मग आता कुठली एअरलाइन?" माझ्या लॉगबुकात तेव्हा २०४ तास होते, डोक्यावर बँकेचं कर्ज होतं, वडिलांनी शेत गहाण ठेवलेलं, आणि उद्या सकाळी उठून नेमका कोणाला फोन करायचा हे मला खरंच माहीत नव्हतं. पुढची साडेचार वर्षं मी आधी फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर, मग चार्टरच्या, म्हणजे भाड्याने नेल्या जाणाऱ्या, छोट्या विमानावर को-पायलट आणि आता एटीआर या छोट्या प्रवासी विमानाच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, सीटवर अशी काढली. या काळात जे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं असं वाटलं ते सगळं इथे लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरं ठरवतात की आधी १५०० तास करायचे मग एअरलाइन. तिकडे ते खरं आहे, २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचा अपघात झाला, त्यानंतर कायदा आला आणि २०१३ पासून तिथे एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारण १५०० तास लागतात, म्हणून तिकडचे नवे पायलट बॅनर ओढतात, पॅराशूटवाल्यांना वर घेऊन जातात, इन्स्ट्रक्टर होतात. आपल्याकडे २०० तासांचं सीपीएल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर, म्हणजे फक्त उपकरणं बघून उडवायची परवानगी) आणि टाइप रेटिंग (त्या विशिष्ट विमानाची परवानगी) असलं की कायद्याने तुम्ही एअरबसच्या उजव्या सीटवर बसू शकता. मग पहिली छोटी नोकरी कशाला? दोन कारणं. एक म्हणजे एअरलाइनची भरती लाटेसारखी येते, कधी सहा महिने पूर्ण शांत, आणि त्या शांततेत घरी बसलेल्या पायलटच्या हातातला सराव जातो. दुसरं म्हणजे कॅप्टन व्हायला एटीपीएल (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स) लागतं, त्याला १५०० तास लागतात आणि त्यात पीआयसीचे (पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची), रात्रीचे, क्रॉस कंट्रीचे असे कप्पे असतात, ते कप्पे आत्तापासून भरायला लागले तर पुढे अडत नाही.

१. आधी कागद जिवंत ठेवा

नोकरीची संधी येते तेव्हा "दोन दिवसांत डॉक्युमेंट पाठवा" असा मेल येतो, आणि त्या दोन दिवसांत कोणाचं मेडिकल संपलेलं असतं, कोणाचा आयआर. माझा एक बॅचमेट चार्टरची चांगली नोकरी फक्त यामुळे हुकला की त्याचा आयआर चेक तीन आठवड्यांपूर्वी लॅप्स झाला होता आणि जवळपास कुठे मल्टी-इंजिन विमान रिकामं मिळालं नाही.

एक फाइल करा, फोनमध्ये पण आणि कागदावर पण:

- सीपीएल, एफआरटीओएल आणि आरटीआर (हे दोन रेडिओवर बोलण्याचे परवाने)
- क्लास १ मेडिकलचं असेसमेंट, तारीख पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात
- इंग्लिश प्रोफिशियन्सी, किमान लेव्हल ४
- मल्टी-इंजिन आणि आयआर चेकच्या निकालाचे सीए-४० फॉर्म
- लॉगबुक, प्रत्येक पान सीएफआयच्या (स्कूलचा मुख्य इन्स्ट्रक्टर) सहीशिक्क्याचं, आणि ईजीसीएवरचं (डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाचं पोर्टल) ई-लॉगबुक त्याच्याशी जुळणारं
- दहावी, बारावीच्या मार्कशीट, फिजिक्स-मॅथ्स दिसायला हवेत
- पासपोर्ट आणि पोलीस व्हेरिफिकेशन, कारण विमानतळाच्या पाससाठी ते लागतंच

ऑक्टोबर २०२३ पासून सीपीएलची मुदत ५ वरून १० वर्षं झाली, त्यामुळे बरेच जण निर्धास्त होतात. पण लायसन्स १० वर्षांचं असलं तरी चाळिशीच्या आत क्लास १ मेडिकल दर वर्षी, आयआर चेकही दर वर्षी. लायसन्स कपाटात जिवंत आणि तुम्ही मात्र उडायला अपात्र, असं सहज होतं. मेडिकलची तारीख जवळ आली की दीड महिना आधी अपॉइंटमेंट घ्या, रक्ताच्या रिपोर्टमध्ये काही वरखाली निघालं तर परत तपासायला वेळ हवा.

ई-लॉगबुक आणि कागदी लॉगबुक यात पाच मिनिटांचा जरी फरक असेल तरी आत्ताच बसून दुरुस्त करून घ्या. स्कूल सोडल्यावर तिथला सीएफआय बदलतो, जुना फोन उचलत नाही, आणि सहीसाठी तुम्ही तीन-तीन चकरा मारता. मी मारल्यात.

२. सगळे तास एका भावाचे नसतात

ही गोष्ट मला फार उशिरा कळली म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इन्स्ट्रक्टर म्हणून विद्यार्थ्याबरोबर उडता तेव्हा ते तास तुमचे पीआयसी. सीपीएलच्या २०० तासांत १०० पीआयसी तुम्ही केलेलेच असतात, त्यावर हे चढत जातात आणि हे सगळ्यात भारी तास, कारण निर्णय तुमचा असतो. पण स्कूलमध्ये बहुतेक फ्लाइंग दिवसाचं, सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) आणि जनरल हँडलिंगचं, त्यामुळे रात्रीचे तास साचत नाहीत, आणि एटीपीएलला १०० तास रात्रीचे लागतात. म्हणून स्कूलमध्ये नाइट फ्लाइंगचा रोस्टर लागला की बाकीचे टाळतात तेव्हा तुम्ही हात वर करा.

चार्टरला याच्या उलट. रात्रीचे तास, इन्स्ट्रुमेंटचे तास, मोठे विमानतळ, हे सगळं मिळतं पण तुम्ही को-पायलट. आणि इथे एक खाच आहे जी मला कोणीच सांगितली नव्हती. किंग एअर बी२००, पीसी-१२, सायटेशन सीजे२ ही विमानं मुळात एका पायलटने उडवायला सर्टिफाय झालेली आहेत, दुसरा पायलट लागतो तो नियमाने किंवा ऑपरेटरच्या धोरणाने. आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या अ‍ॅनेक्स १ मध्ये असं आहे की अशा विमानावर नियमाने को-पायलट लागत असेल तर वरच्या लायसन्ससाठी त्याचे जास्तीत जास्त निम्मेच तास धरायचे, आणि मुळातच दोन पायलटसाठी सर्टिफाय झालेल्या विमानावर, म्हणजे एटीआर, एअरबस वगैरे, पूर्ण. म्हणजे किंग एअरवर ६०० तास केले आणि हिशोब मांडायला बसलात तर ३०० च उरू शकतात. मी किंग एअरवर होतो तेव्हा पहिलं वर्ष मी खुशीत पूर्ण तास मोजत होतो. नोकरी वाईट नव्हती, शिकायला प्रचंड मिळालं, पण हिशोब आधी माहीत असता तर एटीपीएलची तारीख मी घरच्यांना वेगळी सांगितली असती.

एक वही करा, चार रकाने: पीआयसी, को-पायलट, रात्र, इन्स्ट्रुमेंट. दर महिन्याच्या शेवटी भरा. कुठला रकाना रिकामा राहतोय ते बघून पुढची नोकरी शोधा.

३. नोकऱ्या कुठल्या असतात

इन्स्ट्रक्टर. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला शिकवायची थोडी जरी आवड आहे त्याने हेच आधी करावं. आधी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग घ्यावं लागतं, त्याचं ट्रेनिंग, पॅटर (उडवता उडवता समजावायचं ठरलेलं बोलणं) पाठ करणं, मग टेस्ट. नेहमीच्या डाव्या सीटवरून नाही तर उजव्या सीटवरून लँडिंग करायला शिकणं यातच पहिले पंधरा तास जातात, सगळं उलट्या हाताने. असिस्टंट असताना पूर्ण इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली काम, विद्यार्थ्याला पहिल्या सोलोला सोडायचा अधिकार तुम्हाला नसतो, तो पूर्ण रेटिंग आल्यावर. पगार सुरुवातीला कमी असतो, बऱ्याच ठिकाणी थोडा फिक्स आणि बाकी तासावर, म्हणजे विमान उडलं नाही तर खिशात काही नाही.

पण जे मिळतं ते असं की विद्यार्थी फ्लेअर (टेकण्याआधी नाक हलकं उचलणं) उशिरा करतो, किंवा दहा फुटांवर नाक वर खेचतो, आणि तुम्हाला अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं की त्याला अजून शिकू द्यायचं की "माय कंट्रोल्स" म्हणायचं. लवकर हात घातला तर तो शिकत नाही, उशीर झाला तर अंडरकॅरेज (चाकांचा सांगाडा) जाते. ही नजर मला सातशे तास शिकवल्यावर थोडी आली आणि एटीआरच्या सिम्युलेटरमध्ये ट्रेनरने विचारलं की तू आधी इन्स्ट्रक्टर होतास का, तेव्हा कळलं की बाहेरून दिसतं.

महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे इथे ट्रेनिंगचं फ्लाइंग चालतं, आणि जागा निवडताना हवामानाचा विचार कराच. गोंदियाकडे पावसाळ्यात धो धो, बारामती पर्जन्यछायेत त्यामुळे पाऊस कमी पण जून-जुलैमध्ये वारा असा की नवख्या विद्यार्थ्याला सोलो सोडता येत नाही. उत्तर भारतातल्या स्कूलमध्ये डिसेंबर-जानेवारीत धुकं, सकाळी दहा-अकरापर्यंत सगळे चहा पीत बसलेले. म्हणून इंटरव्ह्यूमध्ये "महिन्याला किती तास मिळतात" असं विचारू नका, ते कोणीही सत्तर म्हणून सांगेल. विचारा, "गेल्या जुलैत तुमच्या इन्स्ट्रक्टरचे किती तास झाले?"

चार्टर, म्हणजे नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर. मुंबई, दिल्ली, पुणे, हैदराबाद इथे बेस असतात. मल्टी-इंजिन आणि चालू आयआर असल्याशिवाय फोनच करू नका. इथे भरती जाहिरातीने कमी आणि ओळखीने जास्त होते, याचा अर्थ वशिला नव्हे, तर ऑपरेटरला असा माणूस हवा असतो ज्याला पहाटे तीनला फोन केला तर साडेचारला विमानाजवळ येईल, बॅगा चढवेल, केटरिंग बघेल, आणि कॅप्टनशी नीट बोलेल. या कामाला लाजू नका, ते त्या नोकरीचाच भाग आहे. डीजीसीएच्या वेबसाइटवर परमिट असलेल्या ऑपरेटरची यादी असते, ती उतरवून घ्या, कुणाकडे कुठली विमानं आहेत ते बघा आणि प्रत्यक्ष भेटायला जा, नुसत्या मेलला उत्तर येत नाही.

धोका इथे एकच मोठा, तो म्हणजे दबाव. निवडणुकीच्या दिवसांत दिवसाला चार-पाच सेक्टर, प्रत्येक सभेला उशीर, आणि आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या धावपट्ट्यांवर रात्री उतरायची सोय नाही, त्यामुळे सूर्यास्ताच्या आत निघायचं असतं आणि साहेब अजून स्टेजवर. अशा वेळी कॅप्टन काय करतो हे तुमच्या नोकरीचं खरं मोजमाप. मला पहिले कॅप्टन असे मिळाले की ते शांतपणे पीएला सांगायचे, "साहेबांना कार लावा, विमान उद्या सकाळी." जॉइन व्हायच्या आधी त्या कंपनीतल्या दोन को-पायलटना एकटं गाठून एवढंच विचारा की तुमच्या कॅप्टनने शेवटचं कधी "नाही" म्हटलं आणि नंतर ऑफिसने त्याचं काय केलं.

छोट्या शहरांना जोडणाऱ्या एअरलाइन. २०१७ मध्ये उडान (छोटी शहरं विमानाने जोडायची सरकारी योजना) सुरू झाल्यापासून या जागा वाढल्या. अलायन्स एअरकडे एटीआर आहेत, गोव्यातल्या मोपाहून मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली फ्लाय९१ एटीआर ७२ वर सिंधुदुर्ग, जळगावसारख्या ठिकाणी जाते, स्टार एअर एम्ब्रेअर उडवते. टर्बोप्रॉपला, म्हणजे एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाला, काही पोरं नाक मुरडतात, जेट नाही म्हणून. माझ्या मते शिकायला यासारखं विमान नाही, दिवसात चार-पाच लँडिंग, छोट्या धावपट्ट्या, पावसाळ्यात कोकणातला अ‍ॅप्रोच, आणि तास पूर्ण धरले जातात.

यातलं काहीच जमत नसेल तर तोपर्यंत स्कूलमध्ये ग्राउंड इन्स्ट्रक्टर किंवा ऑपरेटरकडे डिस्पॅच, ऑपरेशन्समध्ये काम करा. तास मिळत नाहीत पण विमानाजवळ राहता आणि जागा निघाली की पहिलं तुम्हाला कळतं.

४. ऑफिस बघू नका, हँगर बघा

इंटरव्ह्यूला एसी ऑफिसात बसवतात, भिंतीवर विमानांचे फोटो असतात. तिथून उठताना विनंती करा की हँगर बघायला आवडेल. कोणी नाही म्हटलं तर तिथेच उत्तर मिळालं.

हँगरमध्ये काय बघायचं? वेबसाइटवर बारा विमानं लिहिलेली असतात, त्यातली आज लाइनवर, म्हणजे उडायला तयार, किती आहेत ते मोजा. कुठल्या विमानाचं इंजिन काढून पार्टची वाट बघत किती महिने झाले तेही विचारा. सेसना १५२, १७२ ना अ‍ॅवगॅस (विमानाचं पेट्रोल) लागतं, त्याचा पुरवठा तुटला की सगळा फ्लीट जमिनीवर, डायमंडची डिझेल इंजिनवाली विमानं एटीएफवर (जेटचं इंधन) चालतात त्यांना हा प्रश्न येत नाही, म्हणून फ्लीट कुठला आहे हे तुमच्या पगाराशी थेट जोडलेलं आहे. एएमई, म्हणजे विमान दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअर लोकांशी पाच मिनिटं बोला, त्यांना वेळेवर पगार मिळतो का हे त्यांच्या चेहऱ्यावरच कळतं. टेक लॉग (विमानाच्या बिघाडांची नोंदवही) बघायला मिळाला तर उत्तमच. महिनोन्महिने एकही स्नॅग (बिघाड) लिहिलेला नसेल तर खूश होऊ नका, रोज उडणाऱ्या जुन्या विमानात काही ना काही निघतंच, याचा अर्थ लोक लिहायला घाबरतायत.

माझा अनुभव सांगतो, ठिकाणाचं नाव नको. इन्स्ट्रक्टर म्हणून तिसरा महिना, सकाळची पहिली सॉर्टी (फेरी), सेसना १५२. रन-अपला (उडण्याआधीची इंजिनची तपासणी) डाव्या मॅग्नेटोवर (इंजिनला ठिणगी देणारा भाग) दोनशेच्या आसपास आरपीएम पडले, मर्यादा १२५. परत तपासलं, तेच. मी विमान परत आणलं आणि स्नॅग लिहायला घेतला तर तिथल्या एका वरिष्ठाने सांगितलं की लिहू नको, दोन मिनिटं लीन करून (इंधन कमी करून) जोरात चालव, जातं, सकाळी कार्बन असतो. लीन करून बघणं चूक नाहीच, मी ते करूनच आलो होतो आणि फरक पडला नव्हता. विद्यार्थी बाजूला उभा राहून आमच्याकडे बघत होता. मी लिहिलं. त्या दिवशी आणि पुढचा आठवडाभर माझं नाव रोस्टरवर आलं नाही, म्हणजे पैसेही नाहीत. प्लग काढल्यावर एक फुटलेला निघाला. पाच महिन्यांनी मी ती जागा सोडली, आणि खरं तर आठवड्याभरातच सोडायला हवी होती.

५. सही करायच्या आधी बाँड वाचा

टाइप रेटिंगचा खर्च कंपनी करते तेव्हा बाँड (ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार) असतो, त्यात चूक काही नाही. बघायचं ते हे: रक्कम वर्षागणिक कमी होते का शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते, कंपनीने तुम्हाला काढलं किंवा कंपनीच बंद पडली तर बाँडचं काय, आणि बाँडची मुदत जॉइन झाल्यापासून मोजतात का लाइन रिलीज (ट्रेनिंग संपवून नेहमीच्या फ्लाइटवर सोडणं) झाल्यापासून. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण ट्रेनिंग लांबलं तर सहा-आठ महिने मोजलेच जात नाहीत. कोरे चेक आणि मूळ सर्टिफिकेट ठेवून घेणारी जागा असेल तर उठून या.

एअरलाइनमध्ये नोटीस पीरियड आपल्याकडे फार मोठा आहे, डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष. म्हणजे "आत्ता इथे लागतो, तीन महिन्यांनी दुसरीकडे बघू" असं होत नाही.

करार मराठी कळणाऱ्या, साध्या तालुक्याच्या वकिलाला जरी दाखवला तरी चालेल. आमच्या आत्याच्या ओळखीच्या वकीलबाईंनी माझ्या दुसऱ्या करारात एक ओळ शोधली की ट्रेनिंगचा खर्च "कंपनी ठरवेल तो". त्यांनी तिथे आकडा लिहून मागायला सांगितला. मागितला, आणि कंपनीने लिहून दिला.

६. पैसे मागतो तो नोकरी देत नाही

"पंधरा लाख द्या, अमुक एअरलाइनमध्ये सेटिंग आहे" असे फोन तुम्हाला येणारच. एअरलाइनची भरती लेखी, सायकोमेट्रिक, सिम्युलेटर आणि इंटरव्ह्यू यातून होते, सिम्युलेटरमध्ये तुमच्याऐवजी एजंट बसणार नाही. दुसरा प्रकार म्हणजे परदेशात पैसे भरून लाइन फ्लाइंगचे (एअरलाइनच्या नेहमीच्या फ्लाइटचे) तास. तुम्ही तिथे पायलट कमी आणि गिऱ्हाईक जास्त असता, आणि ते तास इथे दाखवताना कागद जमवण्यात वर्ष जातं. तिसरं, स्वतःच्या पैशाने आधीच ए३२० चं टाइप रेटिंग करून ठेवणं. भरतीची लाट असेल तर उपयोग होतो, पण लाट ओसरली तर रेटिंग तसंच पडून राहतं, चालू ठेवायला पुन्हा सिम्युलेटरचा खर्च, आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. माझ्या बॅचच्या दोघांनी केलं, एकाला चार महिन्यांत नोकरी लागली, दुसऱ्याला अडीच वर्षांनी.

आणि पार्कर पेनचे तास, म्हणजे न उडता लॉगबुकात लिहिलेले. कोणी म्हणेल की वीसच तास कमी पडतायत, भरून टाक. २०११ मध्ये खोट्या मार्कशीटवर लायसन्स घेतलेले पायलट पकडले गेले, अटका झाल्या, आणि त्याच सुमारास फुगवलेल्या तासांच्याही चौकशा झाल्या. आता तर टेक लॉग, इंधनाची नोंद, एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण) नोंद आणि ई-लॉगबुक एकमेकांशी ताडून बघता येतं. पण पकडले जाण्याचं सोडा. ते वीस तास ज्या दिवशी हवे असतात त्या दिवशी मागे दोन माणसं बसलेली असतात.

७. पहिले तीन महिने

नोकरी लागली. आता रोज संध्याकाळी, कितीही दमलात तरी, त्या दिवसाचे तास भरायचे, सही त्याच आठवड्यात घ्यायची. ब्रेथ अ‍ॅनलायझरच्या आधी माउथवॉश वापरू नका, अल्कोहोल असलेल्या माउथवॉशला डीजीसीएची मनाई आहे, खोकल्याचं औषध घेताना बाटलीवरचं वाचा किंवा कंपनीच्या डॉक्टरला विचारा, घरच्यांनी प्रेमाने दिलेल्या आयुर्वेदिक आसवातसुद्धा अल्कोहोल असतं.

आठवड्यातून एक अपघाताचा रिपोर्ट वाचा, एएआयबी या विमान अपघात तपास संस्थेच्या वेबसाइटवर आहेत, तुम्ही उडवता त्याच विमानाचे आधी. मी आणि माझा रूममेट रविवारी सकाळी पोहे खाता खाता वाचायचो, एक जण मोठ्याने वाचणार आणि दुसऱ्याने मध्येच थांबवून सांगायचं की इथे मी काय केलं असतं.

एअरलाइनच्या फॉर्मवर लक्ष ठेवा आणि अभ्यास सोडू नका, एटीपीएलचे पेपर तास पूर्ण व्हायची वाट न बघता देऊन टाका, इन्स्ट्रक्टर असताना संध्याकाळी वेळ असतो, पुढे रोस्टर लागल्यावर नसतो. आणि घरी दर महिन्याला हप्त्याचे जितके जमतील तितके पाठवत राहा, कमी असले तरी, वडिलांना सांगून की यंदा पावसाळ्यात फ्लाइंग कमी आहे, ऑक्टोबरपासून वाढेल. शेतकरी माणसाला हे लगेच कळतं.